ठाण्याहून महालक्ष्मीला: डर्बी मुळापासून कशी बघावी

डर्बीला जायचं मनात असेल तर तयारीला जानेवारीतच लागा. महालक्ष्मीची इंडियन डर्बी साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी असते. घोड्यांची ही शर्यत २४०० मीटरची, अडीच मिनिटांच्या आसपास संपणारी. ठाण्याहून गाडी बदलून, उन्हात उभं राहून, गर्दीत शिरून बघायचं ते एवढंच. म्हणून काय बघायचं ते घरूनच ठरवून निघावं, असं मी भाचरांना दरवर्षी सांगते. तेच इथे सविस्तर लिहिते आहे.

मी चरईत राहते. नोकरीची सगळी वर्षं मुंबईत सिरम तयार करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं. घोड्याला विषाची अगदी थोडी मात्रा टोचायची, ती हळूहळू वाढवत न्यायची. त्याच्या रक्तात प्रतिपिंडं तयार झाली की रक्त काढून ती वेगळी करायची. आमच्याकडे येणाऱ्या घोड्यांत रेसमधून निवृत्त झालेलेही असत. आम्ही त्यांना नंबरानं ओळखायचो, पण सोबतच्या कागदावर त्यांचं रेसमधलं नाव आणि त्याखाली आईबापांची नावं असायची. ज्याच्या मानेची शीर मी चाचपायचे त्याची आई कोण, आजी कोण, ती कुठे धावली होती, हे मी त्या कागदांवरून शोधायला लागले. डर्बीची गोडी मला तिथून लागली. त्यामुळे माझी पद्धतही तीच आहे: आधी आई बघायची, मग घोडा.

सुरुवातीला एक वही करा. पहिल्या पानावर चार सालं लिहा: १७८०, १८०२, १८८३ आणि १९४३.

१७८० साली इंग्लंडमध्ये एप्समच्या माळावर पहिली डर्बी धावली. बाराव्या अर्ल ऑफ डर्बी या उमरावानं आणि त्याच्या मित्रमंडळींनी ती ठरवली. शर्यतीला नाव अर्लचं द्यायचं की सर चार्ल्स बनबरीचं, यासाठी नाणं उडवलं होतं अशी कथा सांगतात. नाव अर्लचं लागलं आणि पहिली शर्यत बनबरीच्या डायोमेड नावाच्या घोड्यानं जिंकली. तेव्हा अंतर एक मैल होतं. १७८४ पासून ते दीड मैल झालं. आपले २४०० मीटर हे त्याच दीड मैलाचं माप. पुढे जगभरात जिथे जिथे डर्बी सुरू झाली, तिथे बहुतेक ठिकाणी हाच नमुना उचलला गेला: एकाच वयाचे घोडे, लांबचं अंतर, आयुष्यात एकदाच मिळणारी संधी. हा शेवटचा मुद्दा वहीत अधोरेखित करा. डर्बी त्या वयाच्या वर्षातच धावता येते. आजारी पडला, पाय दुखावला, तर त्या घोड्यासाठी डर्बी कायमची गेली.

१८०२ साली बॉम्बे टर्फ क्लब निघाला. तेव्हाच्या शर्यती भायखळ्याला होत आणि त्यांत मुख्यतः अरबी घोडे धावत. ते आखातातून गलबतानं येत. ठाणेकरांना हा व्यापार परका वाटू नये, कारण आपल्या घोडबंदरच्या खाडीतही पोर्तुगीज काळात अरबांचे घोडे उतरत असं सांगतात. १८८३ मध्ये महालक्ष्मीच्या दलदलीच्या सपाटीवर नवं रेसकोर्स उभं राहिलं. मेलबर्नच्या कॉलफील्ड रेसकोर्सचा नमुना समोर ठेवून ते आखलं होतं. १९३५ साली राजा पाचव्या जॉर्जनं क्लबाच्या नावात ‘रॉयल’ लावायची परवानगी दिली आणि आजचा रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाला.

आता १९४३. या सालासाठी वहीचं एक अख्खं पान ठेवा.

महायुद्ध चालू होतं. भारतात जन्मलेल्या, इथेच वाढलेल्या घोड्यांसाठी मोठी शर्यत हवी म्हणून ही डर्बी सुरू झाली, आणि सुरुवातीला तिला कंट्री-ब्रेड डर्बी असंच म्हणत. पहिली डर्बी जिंकली प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीनं. मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड आणि स्वार होता एडगर ब्रिट नावाचा ऑस्ट्रेलियन जॉकी. तीन गोष्टी इथे एकत्र आल्या: इथली पैदास, मराठी संस्थानिक आणि बाहेरून आलेला कसबी स्वार. पुढची कितीतरी वर्षं या शर्यतीचा इतिहास या तीन धाग्यांनीच विणला गेला.

ब्रिटचा धागा थोडा पुढे ओढून बघा, फार रंजक आहे. युद्ध संपल्यावर बडोद्याच्या महाराजांनी इंग्लंडमध्ये घोडे घ्यायला सुरुवात केली. एका वर्षाच्या एका शिंगरासाठी त्यांनी २८,००० गिनी मोजल्या. तेव्हाचा तो उच्चांक होता. हे शिंगरू डान्टे या डर्बी जिंकलेल्या घोड्याचा सख्खा भाऊ. महाराजांनी त्याचं नाव ठेवलं सयाजीराव, म्हणजे स्वतःच्या आजोबांचं. १९४७ साली हा सयाजीराव आयरिश डर्बी जिंकला, एप्समच्या डर्बीत तिसरा आला आणि डॉनकास्टरला इंग्लिश सेंट लेजर ही शर्यत जिंकला. सेंट लेजरला त्याच्यावर बसला होता तोच एडगर ब्रिट. म्हणजे महालक्ष्मीची पहिली डर्बी जिंकलेली मालक-स्वाराची जोडी चार वर्षांत इंग्लंडच्या सर्वांत जुन्या क्लासिक, म्हणजे मानाच्या, शर्यतीत पहिली आली. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी रात्री जेवायची थांबले होते, वाचतच बसले. तुम्हाला स्वतः शोधायचं असेल तर ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘ट्रोव्ह’ हा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह इंटरनेटवर फुकट उघडा आहे. ब्रिट तिकडचा, त्यामुळे तिथल्या पेपरांनी त्याच्यावर लक्ष ठेवलेलं होतं. नाव आणि साल टाकून बघा.

त्याच पानावर खाली गुजरातमधल्या राजपीपळा संस्थानाचं नावही लिहून ठेवा. महाराज विजयसिंहजींच्या विंडसर लॅड या घोड्यानं १९३४ साली खुद्द एप्समची डर्बी जिंकली होती. इंडियन डर्बी सुरू व्हायच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. हिंदुस्थानी मालकांची नजर किती लांब पोचली होती ते यावरून कळतं.

नंतरच्या काळासाठी फार नावांची यादी करू नका. यादी पाठ होते आणि विसरते. एकेका काळाचं एकेक नाव धरा. सत्तरच्या दशकासाठी स्क्वॉन्डरर. हा १९७७ ची डर्बी जिंकला आणि आयुष्यात १९ वेळा धावून १८ वेळा पहिला आला. त्याचे ट्रेनर रशीद बायरामजी. इंडियन डर्बी जिंकणारे बारा घोडे त्यांच्या हाताखाली तयार झाले. जॉकींमध्ये पांडू खाडे आणि त्यांच्या नंतरच्या पिढीतले वसंत शिंदे ही नावं लिहा. रेसकोर्स म्हणजे फक्त राजेरजवाडे आणि पारशी शेठ असं आपल्याकडे अनेकांना वाटतं, त्यांना ही दोन नावं जरूर सांगा. त्यानंतर पेसी श्रॉफ: जॉकी म्हणून आठ इंडियन डर्बी, आणि स्वारी थांबवल्यावर ट्रेनर म्हणूनही तितकंच मोठं नाव. आणि २०१० साठी जॅकलीन, घोड्यांना मागे टाकून डर्बी जिंकलेली घोडी. प्रिन्सेस ब्यूटिफुलच्या नावाशेजारी जॅकलीनचं नाव लिहिलंत की माझ्या मुद्द्याचा रस्ता दिसायला लागेल.

तो मुद्दा म्हणजे आई. आता वंशावळ कशी वाचायची ते सांगते, कारण डर्बीच्या दिवशी हातात येणाऱ्या रेसबुकात, म्हणजे शर्यतींच्या माहितीपुस्तिकेत, सगळ्यांत कमी वाचला जाणारा भाग तोच असतो.

जगातल्या सगळ्या थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या, घोड्यांची बापाकडची साखळी मागे नेली की ती तीन घोड्यांपाशी थांबते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्याच्या पूर्वार्धापर्यंत ते इंग्लंडमध्ये आले. डार्ली अरेबियन तर १७०४ साली सीरियातल्या अलेप्पोहून नेलेला, आणि आज धावणारे बहुतेक घोडे बापाकडून त्याचेच वंशज. त्यामुळे बापाच्या बाजूनं फार मागे गेलात की सगळे एकाच घरचे निघतात. तिथे फरक शोधण्यात अर्थ उरत नाही.

आईकडून मात्र घराणी वेगळी पडतात. १७९१ साली इंग्लंडमध्ये जनरल स्टडबुक ही वंशावळींची नोंदवही सुरू झाली, तीही घोडीच्या नावानं मांडलेली: घोडीचं नाव, खाली तिची पिल्लं सालवार. रेसच्या जगात ‘सावत्र भाऊ’ म्हणतात तेही आई एक असेल तरच. बाप एक असलेले घोडे भाऊ धरत नाहीत, आणि त्याला कारण आहे. नामवंत घोड्याला एका हंगामात कितीतरी डझन पिल्लं होतात. घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा, म्हणजे तिला वर्षाला एकच शिंगरू. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, संकर नैसर्गिकच व्हावा लागतो, नाही तर नोंद मिळत नाही. त्यामुळे चांगल्या घोडीच्या पोटचं प्रत्येक शिंगरू मोलाचं. भारतातल्या घोड्यांची ही नोंदवही पुण्यात ठेवली जाते. पैदासही बरीचशी पुण्याच्या आसपास चालते. पूनावाला स्टड हे पैदाशीचं केंद्र १९४६ पासूनचं. तिथले निवृत्त घोडे सिरमसाठी परळच्या हाफकिन संस्थेकडे जात, आणि त्यातूनच सायरस पूनावालांना स्वतः सिरम बनवायची कल्पना सुचली. १९६६ मध्ये सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली ती अशी. माझ्या धंद्यातली ही गोष्ट, म्हणून इथे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

तर रेसबुक हाती आलं की असं करा. प्रत्येक घोड्याखाली बापाचं आणि आईचं नाव असतं. आईचं नाव पेन्सिलीनं गोल करा. डर्बीच्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आणि रेसच्या संकेतस्थळांवर प्रत्येक उमेदवाराची माहिती येते. त्यातून एवढंच काढा: ही आई स्वतः किती अंतर जिंकली होती आणि तिच्या आधीच्या पिल्लांनी किती अंतर मारलं. हे महत्त्वाचं का? डिसेंबरमध्ये इंडियन टू थाउजंड गिनीज नावाची शर्यत होते ती १६०० मीटरची. तिथला विजेता डर्बीत उतरतो तेव्हा त्याला आणखी ८०० मीटर धावायचे असतात, आणि हे अंतर अनेक घोडे तोवर एकदाही पळालेले नसतात. त्याच्या छातीत एवढा दम आहे की नाही, हे त्या घडीला कुणीच पाहिलेलं नसतं. त्याच्या आईनं आणि भावंडांनी जे दाखवलं तोच हाताशी असलेला पुरावा. नर घोड्यांमध्ये हा प्रश्न मोठा. नरांपेक्षा माद्या इथे पुढे असतात, कारण इंडियन ओक्स ही फक्त माद्यांची शर्यत डर्बीच्या थोडी आधी होते आणि ती २४०० मीटरचीच असते. ओक्समध्ये दमदार पळालेली घोडी डर्बीत उतरली तर तिच्याकडे नीट लक्ष द्या. शिवाय नर घोड्यांच्या पाठीवर ५७ किलो वजन असतं, घोडीला दीड किलोची सूट मिळते.

वयाचा गोंधळही इथेच मिटवून टाकू. एप्समला तीन वर्षांचे घोडे धावतात आणि आपल्याकडे चार वर्षांचे, असं वाचून लोक बुचकळ्यात पडतात. आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये थरोब्रेडचं वय १ जानेवारीला बदलतं, जन्म कुठल्याही महिन्यातला असो. आपल्याकडची शिंगरं बहुतेक जानेवारी ते एप्रिलमध्ये जन्मतात. म्हणजे फेब्रुवारीच्या डर्बीत उतरणारा घोडा कागदावर चार वर्षांचा, पण त्यांतल्या अनेकांना खरी चार वर्षं पुरी व्हायला अजून काही आठवडे असतात.

शनिवारी संध्याकाळी रेल्वेचं वेळापत्रक बघा. रविवार म्हटला की मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक गृहीतच धरायचा. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची धीमी गाडी: प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी. ब्लॉकमुळे गाड्या खोळंबल्या असतील तर मी परळला उतरून पुलावरून प्रभादेवी स्टेशनात जाते आणि तिथून पश्चिम रेल्वे धरते; नोकरीतली सवय. नेरूळ-वाशीकडून येणाऱ्यांनी हार्बरनं कुर्ला, मग दादर. महालक्ष्मीला पुलाच्या एका अंगाला धोबीघाट लागतो, रेसकोर्स दुसऱ्या अंगाला, पश्चिमेला. चालत जाता येतं. प्रवेशाचे वर्ग वेगवेगळे असतात आणि डर्बीच्या दिवशी दर नेहमीचे नसतात, तेव्हा क्लबच्या संकेतस्थळावर आधी बघून ठेवा. डर्बी संध्याकाळच्या सुमारास धावते, पण दुपारीच पोचा. टोपी, पाणी, आणि घरात असेल तर दुर्बीण. कपडे नीटनेटके घाला. त्या दिवशी मंडळी नटूनथटून येतात आणि ते बघायलाही छान वाटतं.

जमलं तर त्याआधी एखाद्या दिवशी पहाटे जाऊन या. महालक्ष्मीला कितीतरी लोक सकाळी फिरायला येतात आणि त्याच वेळी घोड्यांचा सराव चालू असतो. गर्दी नसताना टापांचा आवाज कसा येतो ते एकदा ऐकावं. शिवाय हे मैदान बदलायच्या वाटेवर आहे. २०१३ साली जागेचा भाडेपट्टा संपला होता. २०२४ मध्ये २११ एकरांतली १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर रेसकोर्ससाठी क्लबकडे, अशी वाटणी ठरली. आजचा मोकळा माळ बघून ठेवण्यासारखा आहे.

पैसे लावण्याबद्दल थोडक्यात. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे असा सर्वोच्च न्यायालयाचा १९९६ चा निकाल आहे, आणि रेसकोर्सवरच्या अधिकृत खिडकीवर लावलेला पैसा कायद्यात बसतो. मी लावत नाही. माझ्यासोबत येणाऱ्यांनीही पहिल्या वर्षी लावू नये असा माझा आग्रह असतो, कारण पैसा लावला की नजर फक्त एका जॉकीच्या टोपीवर खिळते आणि बाकीची डर्बी बघायची राहते.

आता पॅडक. डर्बीच्या आधी घोडे इथे गोल फिरवले जातात. लोक स्टँडमध्ये जागा धरून बसतात, तुम्ही इथे कुंपणापाशी या. माझ्या मते डर्बीच्या दिवसातला हा सर्वांत मोलाचा वेळ. चाल बघा: मोकळ्या चालीत मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशाच्याही पुढे पडला पाहिजे. कान बघा: इकडेतिकडे फिरणारे कान चांगले, सतत मागे दाबलेले कान म्हणजे घोडा वैतागलेला आहे. घाम बघा: मुंबईच्या हवेत थोडा घाम येणारच, पण मानेवर आणि मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस आला असेल तर त्यानं पळण्याआधीच ताकद खर्च केली. आणि नाकपुड्या बघा. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, सगळी हवा नाकातूनच. भरधाव पळताना तर प्रत्येक उडीमागे एकच श्वास बसतो. उडीची आणि श्वासाची लय एकमेकांना बांधलेली असते.

शांत उभ्या घोड्याची नाडी मी मोजायचे तेव्हा मिनिटाला ३० ते ४० ठोके लागायचे. शर्यतीत हेच ठोके दोनशेच्या वर जातात. त्याहून अचंबा वाटावा अशी गोष्ट त्याच्या प्लीहेची. तांबड्या पेशींचा मोठा साठा घोड्याच्या प्लीहेत असतो, आणि पळायला लागला की धरणाचे दरवाजे उघडावेत तसा तो साठा रक्तात सोडला जातो. विश्रांतीत रक्ताचा ४० टक्क्यांच्या आसपास भाग पेशींचा असतो, जोराच्या धावेत तो ६० टक्क्यांच्या वर जाऊ शकतो. आपल्या शरीरात हे एवढ्या प्रमाणात होत नाही. शेवटच्या चारशे मीटरमध्ये घोडा जो जोर काढतो तो कुठून येतो, हा प्रश्न पडला तर हे आठवा.

पॅडकमध्येच जॉकीचे रंग ओळखून घ्या. अंगरख्याचे रंग मालकाचे असतात, त्याच्या नावावर नोंदवलेले. एकाच मालकाचे दोन घोडे असतील तर टोपीचा रंग वेगळा. घोड्याचा नंबर आणि सुटायच्या गेटचा नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेट सोडतीनं मिळतं. घोड्याला फिरवणाऱ्या सईसाकडेही बघा. चार वर्षांच्या या जनावराला रोज चारा घालणारा, खरारा करणारा, पायाला पट्ट्या बांधणारा हाच माणूस. घोडा बुजला तर त्याचा हात आधी मानेवर जातो, लगामाकडे नंतर. विजेत्याच्या फोटोत तो कडेला उभा असतो, पण घोडा कान टवकारतो तो त्याच्याच आवाजानं.

शर्यत सुरू होताना तुमची सोय अशी आहे की मैदानाची फेरीच जवळपास २४०० मीटरची आहे, त्यामुळे डर्बीचे घोडे स्टँडच्या बाजूनंच सुटतात आणि पूर्ण फेरी मारून तुमच्यासमोर येतात. पहिलं वळण येईपर्यंत फक्त कोण पुढे धावतंय आणि कोण आतल्या कठड्यापाशी कोंडलं गेलंय एवढं टिपा. पलीकडच्या बाजूला गेल्यावर दुर्बिणीतून, किंवा मोठ्या पडद्यावर, तुम्ही निवडलेला एकच घोडा बघा. तो मान ताणून लगामाशी झगडत असेल तर दम वाया चालला आहे. मान सैल, लयीत असेल तर चांगलं. समालोचन ऐकत राहा, नावं कानावर पडू देत. शेवटचं वळण संपलं की दुर्बीण खाली ठेवा. इथे १६०० मीटरचे घोडे आणि २४०० मीटरचे घोडे वेगळे होतात. जो आतापर्यंत देखणा पळत होता त्याची उडी आखूड होते, आणि मागून कुणीतरी, वेग न वाढवता, फक्त न थकता, त्याला गाठतो. आईचं नाव गोल केलेलं रेसबुक त्या वेळी हातात असू द्या.

निकाल लागला तरी लगेच गेटकडे पळू नका. सगळ्यांना तेच सुचतं आणि महालक्ष्मीचा पूल माणसांनी भरून जातो. जॉकी खोगिरासकट पुन्हा वजनाला जातात, वजन जुळल्यावरच निकाल पक्का होतो. तोवर विजेत्याला मालक लगाम धरून आत आणतात. घोड्याच्या फासळ्या कशा भात्यासारख्या चालतात ते जवळून बघा आणि किती वेळात श्वास खाली येतो तेही. लवकर शांत होणारा घोडा पुढेही लांबचं अंतर मारणार, हा माझा ठोकताळा.

घरी आलात की त्याच रात्री वहीत लिहा: विजेत्याचं नाव, आईचं नाव, वेळ, किती लेंग्थनं जिंकला. एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी, सुमारे अडीच मीटर. गिनीज त्यानंच जिंकली होती का तेही लिहा. जिंकली असेल तर सप्टेंबरकडे डोळे लावून बसायला हवं. मुंबईचा हंगाम एप्रिलपर्यंत चालतो, मग घोडे गाड्यांत घालून सायन-पनवेल रस्त्यानं पुण्याला नेतात. नवी मुंबईकरांना या उंच बंद गाड्या दिसत असतील. पुण्यात सप्टेंबरमध्ये इंडियन सेंट लेजर होते, २८०० मीटरची. गिनीज, डर्बी आणि सेंट लेजर तिन्ही एकाच घोड्यानं जिंकल्या तर ट्रिपल क्राउन. डर्बीपेक्षा ४०० मीटर जास्त, म्हणजे आईकडच्या दमाची आणखी कठीण परीक्षा. त्या रविवारी ठाण्याहून सकाळची पुण्याची गाडी पकडली तर दुपारच्या शर्यतींना आरामात पोचता येतं. विजेत्याच्या नावाखाली त्या निकालासाठी चार ओळी मोकळ्या सोडून ठेवा.